पिंगळ्याच्या ढोलीस पडलेल्या वेढ्याची हकीकत

श्रीगजाननास वंदून आणि माजलगावच्या धरणास साक्ष ठेवून, शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरी, फाल्गुन मासी जे वर्तले ते न फुगविता, न झाकिता येथे नमूद होते.

अखंडितलक्ष्मी-अलंकृत राजमान्य राजश्री अर्जुनराव, माजी सभापती, यांनी धरणाकाठचा ऊस मोडून गोल्फचे मैदान वसविले, आणि बीडाहून बडे पाहुणे बोलाविले. मग राव स्वतः काठी घेऊन उभे ठाकले, आणि पहिलाच तडाखा ऐसा जबर बसला की चेंडू निशाणाकडे न जाता बांधावरील कडुलिंबाचे ढोलीत शिरला, आणि आतून पिंगळ्याची जोडी चिरचिरत बाहेर आली.

रावांचे तोंडचे पाणी पळाले. घुबडास दगड मारू नये. मारिल्यास घुबड तो दगड उचलून पाण्यात टाकते, आणि दगड झिजे तैसा मारणारा झिजे, हे राव लहानपणापासून ऐकून होते. पिंगळा म्हणजे घुबडाचाच भाऊबंद, आणि धरण तर हाकेवर!

मग रावांनी खेळ तहकूब केला, लिंबास वेढा दिला, आणि हुकूम फर्माविला की चेंडू पाण्याकडे जाऊ न द्यावा. स्वतः दुर्बीण लावून बैसले. टिटवी, खंड्या, भारद्वाज, उसातला तितर, जो पंख हलवील त्याची चोच रिकामी असल्याची खातरजमा केली. पाहुणे चकित होऊन पुसते जाहले, "राव, हा पक्ष्यांचा नाद कधीपासून?"

"लहानपनापासून," राव बोलिले, आणि कमरेचा पट्टा सैल तर होत नाही ना, हे हळूच चाचपिले.

अखेर शिडी लाविली. राव निम्मे चढले, तो गडाचे धन्याने, म्हणजे पिंगळ्याने, ढोलीत परतून मान बाहेर काढिली आणि ऐसे डोळे वटारिले की राव तेथेच थिजले. इतक्यात सौभाग्यवती छबुबाईसाहेब चहा घेऊन दाखल जाहल्या.

"कावून चढलाव झाडावर? हे काय वय हाय का?"

रावांनी दोन-चार पायऱ्या उतरून, वाकून कानात गुज सांगितले. बाई खदखदून हसल्या.

"आवो, त्यो काय दगड हाय का? पलास्टिक हाय त्ये! गोठ्यातली फुटकी बादली ईस वर्सं पडून हाय, झिजली का? टाकू द्या पान्यात. तुमी लई टिकताल, माजंच कसं व्हायचं त्ये बघा."

राव खाली उतरले, पट्टा आपणहून एक भोक सैल केला, आणि नवा हुकूम सोडिला की चेंडू पिंगळ्यास इनाम दिला असे, ढोलीस कोणी हात लावील तो मैदानातून बडतर्फ.

येणेप्रमाणे वेढा उठला. गड पिंगळ्याकडे राहिला, फत्ते रावांची नोंदली. राव अद्याप रोज सांजचे दुर्बीण लावून बैसतात, आणि मेला पिंगळा तो चेंडू धरणात कधी टाकतो, याची वाट पाहतात.