उभ्या गाडीचं लंगडणं

दादाजींच्या समोरच्या घरातल्या उत्तरा मॅडम फेब्रुवारीत बंगलोरला निघाल्या. लेकीचं बाळंतपण होतं, चार महिने तरी लागणार होते. रिक्षात बसता बसता त्यांनी आपल्या गाडीची किल्ली दादाजींच्या हातावर ठेवली.

"दादाजी, आठवड्यातून एकदा सुरू करत जा, नाहीतर बॅटरी बसते. आणि दुर्गेशला सांगा, अधूनमधून एखादी चक्कर मारून आणायला."

"हाव जी, तुमी बिनघोर जा," दादाजी म्हणाले.

आता दादाजींनी उभं आयुष्य मंडीत संत्र्याच्या पेट्या बांधण्यात घालवलेलं. शाळेचं तोंड पाहिलं नाही, गाडीचं स्टेअरिंग तर दूरच. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा याच गाडीतून मॅडमनी त्यांना दवाखान्यात नेलं, दिवसभर बाकड्यावर बसून राहिल्या आणि पट्टी बांधलेल्या दादाजींना पुढच्या सीटवर बसवून घरी आणलं. तेव्हापासून ती गाडी त्यांच्या लेखी गाडी नव्हती. घरातलं माणूस होतं.

म्हणून त्यांनी मनाशी एक छोटासा निर्णय घेतला. दुर्गेशला किल्ली द्यायची नाही.

दुर्गेश हा गल्लीतला बँकेत काम करणारा मुलगा. पोरगा चांगला, पण मागच्याच महिन्यात त्यानं स्कूटर लावता लावता दादाजींच्या बायकोची, सुमतीबाईंची, तुळशीची कुंडी फोडली होती. जो माणूस उभी तुळस चुकवू शकत नाही, त्याच्या हाती मॅडमची गाडी द्यायची? तो किल्ली मागायला आला तेव्हा दादाजींनी सरळ सांगितलं, "मॅडमनं नाही म्हटलं बापा." (आयुष्यात खोटं बोलायची सवय नसली की माणूस पहिल्याच दिवशी मोठं बोलून जातो.)

मग दादाजींनी गाडीची सेवा मांडली. रोज सकाळी फडकं मारायचं. दर गुरुवारी आत बसून किल्ली फिरवायची. किल्ली कशी फिरवायची, हे मॅडमनी दाखवून ठेवलं होतं. गाडी घरघरायची, दादाजी अर्धा तास मान ताठ करून बसायचे आणि खाली उतरून चाकाला हात लावून पाया पडायचे. गाडी टिनाच्या शेडखालून बोटभर हलली नाही. हलवायची कशाला? मशीन तर चालू झाली!

एप्रिलात वर्षाचे गहू आले. घरात उंदरांनी उच्छाद मांडलेला. सुमतीबाई म्हणाल्या, "गाडीत ठेवा नं. तिथं उंदराचा बाप बी शिरत नाही."

"मॅडमची गाडी हाये वं ते!"

"मंग मॅडमची गाडी काय गव्हानं बाटते का?"

चार पोती मागच्या सीटवर बसली, पट्टे लावून. (पट्टे दादाजींनी लावले. कायदा म्हणजे कायदा.)

आणि मे महिना. नागपूरचा मे काय असतो ते मी नव्यानं काय सांगू! घरातला कूलर बंद पडला. एका गुरुवारी गाडी चालू असताना सुमतीबाईंचं बोट चुकून एका बटणावर पडलं आणि आतून गारेगार वारा आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यानंतर गुरुवार आठवड्यातून तीनदा यायला लागला. एकदा तर सुमतीबाई टरबूज कापून घेऊन आल्या. पुढं म्हातारा-म्हातारी, मागं चार पोती गहू, असं ते कुटुंब टिनाखाली बसून टरबूज खात होतं.

जूनच्या मध्यावर मॅडम लेकीला आणि नातवाला घेऊन परत आल्या. आदल्या दिवशीच दादाजींनी पोती काढली, सीट झाडली, काच पुसली. मॅडमनी गाडी पाहिली आणि म्हणाल्या, "दादाजी, शोरूममधून आणल्यासारखी दिसतेय!"

दादाजींची छाती इतकी फुगली की सदऱ्याची गुंडी ताणली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळाचं नाव ठेवायचं होतं. मॅडमची आई काटोलला. वय नव्वद. तिला बसनं आणणं शक्य नव्हतं, म्हणून मॅडम सकाळीच गाडी घेऊन निघाल्या. फाटकातून बाहेर पडल्या आणि गाडी म्हणाली, थड थड थड थड. जोर दिला तर थडथडथडथड. स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. कोपऱ्यावरूनच मॅडम परत फिरल्या.

"दादाजी, हिला झालं काय? ही तर लंगडतेय!"

दुर्गेश गच्चीवरून धावत खाली आला आणि मोबाईल उघडून उभा राहिला. "चाकांचं अलाइनमेंट गेलं असेल. नाही तर बेअरिंग. नाही तर सस्पेन्शन. एका व्हिडिओत तर इंजिनच बदलायला सांगून राहिले."

"इंजिन?" दादाजींनी बॉनेटवर हात ठेवला.

"चला, संघपालकडे चला," मॅडम म्हणाल्या.

संघपालचं टायरचं दुकान चौकातच. शांत माणूस. गाडीभोवती एक फेरी मारली, थोडं अंतर चालवून पाहिली, मग जॅक लावून पुढचं चाक उचललं. चाकाच्या कडेला विटेवर एक स्क्रू-ड्रायव्हर ठेवला, त्याचं टोक टायरला लागेल न लागेल असं. आणि चाक हळूहळू हातानं फिरवलं. टोक टायरला घासत चाललं, घासत चाललं, आणि एका जागी टायर आणि टोक यांच्यात फट पडली. पुन्हा फिरवलं. पुन्हा त्याच जागी फट.

"इथं हात लावून पाहा," संघपाल म्हणाला.

दादाजींनी तळवा ठेवला. गोल चाक, आणि त्या एका जागी पोळपाटासारखं सपाट.

चारही चाकं पाहिली. चारींचंही तेच.

"बेअरिंग गिअरिंग काही नाही. टायर एका जागी चपटं झालं. म्हणून चाक फिरलं की दर फेऱ्याले एक थड. मॅडम, गाडी किती दिवस उभी होती?"

"उभी कशी असेल? दादाजी सुरू करत होते."

"सुरू करून कुठं नेत होते जी?" संघपालनं दादाजींना विचारलं.

"कुठं नाही. जागीच."

"दुर्गेश चक्कर मारत होता ना?" मॅडम म्हणाल्या.

दुर्गेशनं मोबाईलमधून मान वर काढली. "मी? मॅडम, तुमीच तर नाही म्हटलं होतं!"

चौकात ट्रक, बस, रिक्षा, सगळं चालू होतं. पण दादाजींना एकदम सगळीकडे शांत झाल्यासारखं वाटलं. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. संघपालला मात्र रोग्याचा पूर्ण इतिहास हवा होता.

"हवा कधी भरली होती?"

"भरायची काहून? होती ना आतमंदी."

"हं. आणि गाडीत काही वजन होतं का? नुसती उभी राहून एवढी बसत नाही."

दादाजी आपल्या चपलांकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "गहू."

"किती?"

"दोन क्विंटल."

दुर्गेश हसता हसता टायरांच्या चळतीवर बसला. संघपालनं मात्र मोठ्या डॉक्टरसारखी मान हलवली. "वरून वजन, खालून तापलेली फरशी, हवा कमी. टायर नरम पडलं अन् तसंच जमून गेलं. पण घाबरू नका. टायर नवं हाये. हवा बरोबर करून देतो. गाडी काटोल रोडले सरळ चालवत न्या, बेताच्या वेगानं. टायर गरम झालं की तीस-चाळीस किलोमीटरमंदी गोल होऊन जाईल. नाहीच झालं तर मंग टायर बदलू."

मॅडम गाडीत बसल्या. "दादाजी, बसा."

"मी कायले जी?"

"बसा."

दादाजी पुढच्या सीटवर बसले. डोळ्याला पट्टी होती त्या दिवशीही ते इथंच बसले होते. पण तेव्हा समोरचं धड दिसत नव्हतं, ते बरं होतं. आज सगळं दिसत होतं, मॅडमचा चेहरासुद्धा.

थड थड थड थड.

शहर मागं पडलं. दादाजींना ती थडथड सहन होईना. दर फेऱ्याला चाक जणू त्यांचंच नाव घेत होतं. शेवटी त्यांनी तोंड उघडलं.

"मॅडम, दुर्गेशले मी खोटं सांगितलं. तुमी काही म्हटलं नव्हतं."

थड थड थड.

"मले वाटलं, तो कुठंतरी ठोकून आणीन. तुमच्या गाडीले वरखडा पडला तर मी तुमाले तोंड कसं दाखवू?"

थड, थड.

"अन् गहू आमीच ठेवले. अन् गार हवा बी खाल्ली. पेट्रोल कमी दिसंन तुमाले, ते त्याच्यानं. सुमतीनं टरबूज बी आणलं होतं. त्यातली एक बी सीटच्या फटीत गेली, ते निघालीच नाही."

मॅडमचे खांदे हलायला लागले. दादाजींना वाटलं, रडतात की काय. पाहतात तर त्या हसत होत्या, इतक्या की डोळे पुसायला त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"दादाजी, बंगलोरला लेकीला तीन दिवस कळा येत होत्या. मला घराची, गाडीची, कुलपाची एका क्षणाचीही काळजी वाटली नाही. का? तुम्ही आहात म्हणून. टायरचं काय घेऊन बसलात! आणि उन्हाळ्यात तुम्हा दोघांना गार वारा मिळाला, बरं झालं. ऑपरेशन झालेला डोळा तुमचा."

दादाजींनी सीटच्या फटीत एकदा बोट फिरवलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. संत्र्याच्या बागा सुरू झाल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं, की गाडी गप्प झाली आहे. त्यांनी कान लावला. टायर रस्त्यावर नुसतं सळसळत होतं.

"मॅडम! गेलं!"

"गेलं," मॅडम म्हणाल्या. दादाजींनी दोन्ही हात जोडले. कोणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. संघपालला, मॅडमला, रस्त्याला, सगळ्यांना थोडं थोडं.

काटोलला मॅडमची आई ओसरीवर नवं लुगडं नेसून तयारच बसली होती. तिनं दादाजींना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे कोण वं?"

"आई, हे दादाजी. मी नव्हते तेव्हा यांनी माझी गाडी सांभाळली," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. "चार महिने जागची हलू दिली नाही."

म्हातारीचे डोळे भरून आले. "चार महिने! अन् इथं आमच्या बागेतला राखणदार, त्याच्या डोळ्यादेखत मोटर पंप चोरीले गेला!" तिनं नातसुनेला हाक मारून नारळ आणि दुपट्टा मागवला, दादाजींना पाटावर बसवलं, कुंकू लावलं.

दादाजी कासावीस झाले. "आजी, तसं नाही जी, ते माह्याच्यानं..."

"पाहा, किती साधा माणूस!" म्हातारी म्हणाली आणि आणखी एक नारळ मागवला.

मॅडम दाराआड तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. दादाजींनी दोन्ही नारळ मुकाट्यानं घेतले. मग गाडीपाशी गेले, आजीसाठी मागचं दार उघडलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, लवकर निघा जी. लय वेळ उभी हाये."