जावई, जीप आणि निसरडा चढ

माझे सासरे धरणाच्या कामावर इंजिनिअर होते. उभं आयुष्य त्यांनी डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर काढलं आणि निवृत्त झाल्यावर, जणू तेवढ्याने हौस फिटली नव्हती म्हणून, एका टेकडीच्या माथ्यावर दोन खोल्या बांधल्या. वर्षातून एकदा ते आपल्या जुन्या फोर-व्हील जीपमधून सगळ्या घराला तिथे घेऊन जात. आमचं लग्न झालं त्या वर्षी मात्र त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

"यंदा राहू दे," एवढंच म्हणून ते खिडकीतून जीपकडे एका डोळ्याने बघत बसले. (दुसऱ्यावर पट्टी होती.) ते बघून मी बोलून गेलो, "मी चालवतो की."

मी विमा कंपनीत कारकून. गाडी चालवली होती ती साहेबांची, तीही पार्किंगमधून गेटपर्यंत.

डांबरी रस्ता संपेपर्यंत मी छान चालवली. शीळसुद्धा घातली. मग टेकडीचा चढ आला. दोन दिवस पाऊस होऊन गेला होता आणि तांबड्या मातीवर नुसतं लोणी फासल्यासारखं झालं होतं.

"आधी थांबा, खाली उतरून रस्ता चालून बघू," सासरे म्हणाले.

"कशाला उगीच पाय भरवता, बाबा," मी म्हणालो आणि गाडी तशीच वर घातली.

"मग निदान लो लावा."

मी रेडिओ लो केला.

"रेडिओ नव्हे जावईबापू, गिअर. तो छोटा दांडा."

मी दांडा ओढला. मागची चाकं भिंगरीसारखी फिरली, मागची काच चिखलाने माखली आणि जीप होती तिथेच राहिली.

"पुढची हब लावली होती ना?" सासऱ्यांनी शांतपणे विचारलं.

पुढच्या चाकांच्या मधोमध एक चकती असते. ती निघायच्या आधी हाताने फिरवून घ्यायची, नाहीतर दांडा कितीही ओढा, पुढची चाकं नुसती सोबतीला असतात. (आमच्या ऑफिसात असे बरेच जण आहेत.) हे मला तेव्हा कळलं, कारण त्याच क्षणी जीप मागे घसरायला लागली.

मी जीव खाऊन ब्रेक दाबला. चाकं थांबली, पण जीप थांबली नाही. ती ऐटीत तिरकी होऊन दरीच्या बाजूला निघाली. मागच्या सीटवर बायको आणि सासूबाई होत्या. माझा संसार अजून पुरता सुरूही झाला नव्हता.

"ब्रेक सोडा," सासरे म्हणाले.

"सोडू?"

"सोडा. चाकं फिरू द्या, म्हणजे स्टिअरिंग ऐकेल. रिव्हर्स टाका. आता क्लचवरचा पाय काढा आणि सरळ खाली येऊ द्या. आडवं वळायचं नाही."

त्यांनी आपला रुंद, खरबरीत तळवा स्टिअरिंगवर माझ्या हातावर ठेवला. इंजिन घुरघुरत राहिलं आणि जीप एखाद्या म्हाताऱ्या म्हशीसारखी संथपणे मागे मागे पायथ्याला आली. त्या हाताची ऊब मला अजून आठवते. माझे वडील मी लहान असतानाच गेले होते. असा हात हातावर पडण्याची सवय नव्हती.

मग आम्ही दोघं चढ चालून आलो. कुठे चर आहेत, कुठे दगड आहेत, ते त्यांनी काठीने दाखवलं. मी हब लावली, टायरमधली थोडी हवा सोडली, लो गिअर टाकला. "आता मध्ये थांबायचं नाही, घाई करायची नाही आणि गिअरला हात लावायचा नाही," ते म्हणाले. जीप एका दमात वर गेली. माथ्यावर उतरून त्यांनी पट्टी सावरली, खाली पसरलेलं खोरं बराच वेळ पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, आपण जिंकलो.

दुसऱ्या दिवशी परत निघताना मी रुबाबात ड्रायव्हरच्या दाराशी गेलो, तर आत बायको बसलेली. तिने पहिला गिअर टाकला आणि ब्रेकला पायही न लावता ती इंजिनाच्या जोरावर जीप तो उतार अलगद उतरवू लागली.

"तुला येतं?" मी मागच्या सीटवरून विचारलं.

"कॉलेजात असल्यापासून. बाबांनीच शिकवलं."

"मग काल बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेने म्हणालात. नवीन नवरा, मन कसं मोडायचं?"

पुढे सासरे खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

आज सासरे नाहीत, जीपही कुणी घेऊन गेलं. पण कच्चा रस्ता दिसला की मला तो उतार आठवतो. एका वळणावर जीप जराशी सरकली आणि मी सीट घट्ट धरली, तेव्हा शेजारी बसलेल्या सासूबाई मायेने माझ्या कानाशी वाकल्या.

"डोळे मिटून घ्या," त्या म्हणाल्या. "मी काल तेच केलं."