लॅपटॉप मेला, आता दाखव

रहांगडाले सर मागून येतात. तुम्ही ग्रंथालयात मान खाली घालून टाईप करत असता आणि खांद्यावरून एक हात पुढं येतो, लॅपटॉप मिटतो आणि काखेत जातो. मग कानाशी आवाज येतो, कोणाच्या घरी वाईट बातमी सांगायला आल्यासारखा. "लॅपटॉप मेला. आता दाखव."

इथून पुढं तुमचे हाल. संशोधनासाठी जमवलेलं सगळं, मुलाखती, फोटो, तक्ते, दुसरीकडून काढून दाखवायचं. पेनड्राइव्ह बॅगेत आहे म्हटलं की सर म्हणणार, "बॅगबी गेली. संगच होती ना?" घरी आहे म्हटलं, तर घर जळतं. पीएच.डी. करणारी चांगली दाढीवाली माणसं मी या खुर्चीत घाम पुसताना पाहिली आहेत.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका कॉलेजात सहायक ग्रंथपाल. संशोधनाची माहिती कशी सांभाळावी, याचा वर्ग सर दर शनिवारी गोंदियात घेतात, विद्यार्थ्यांचा आणि ग्रंथपालांचा एकत्र. मला वाटलं, पंख्याखाली बसू, चहा पिऊ, प्रमाणपत्र घेऊन पाचच्या एसटीनं परत येऊ. कसलं काय! पहिल्याच दिवशी माझा लॅपटॉप मेला, आणि कॉलेजच्या जुन्या हस्तलिखित अंकांचे वर्षभर काढलेले फोटो त्याच्याबरोबर गेले. सरांनी तो तासाभरानं परत दिला, पण एसटीत मी तो गोरेगाव येईपर्यंत छातीशी धरून बसले.

सर स्वतः किती भित्रे, ते नंतर कळलं. त्यांना विजेची भीती, उंदरांची भीती, चहाच्या कपाची तर फारच. नागरा गावचा सुखदेव विहिरींच्या पाण्यावर काम करतो. त्याच्या फायलींची नावं होती 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'आता तरी फायनल'. सर ते बघून पांढरे पडले. म्हणाले, "याच्यातली खरी कोणती? तू नसशील तवा कोणाले विचारू?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. प्रत्येकानं आपल्या माहितीसोबत एका जित्या माणसाचं नाव लिहायचं, आपण नसलो तर विचारायला. ती जागा रिकामी दिसली की सर त्या दिवशी जेवत नाहीत असं म्हणतात.

प्रती तीन, आणि त्यातली एक दुसऱ्या गावाला, हा त्यांचा नियम. त्यासाठी ते आमच्या सोयरिकी जुळवतात. हो, त्यांचाच शब्द. चिचगडची कुंदा म्हाताऱ्या माणसांकडून रानभाज्यांची माहिती गोळा करते. तिची हार्डडिस्क माझ्या घरी गोरेगावला दिली, माझी तिच्याकडे चिचगडला. देताना सरांचा चेहरा पोरगी सासरी पाठवल्यासारखा.

आता चिचगडला मोलाची वस्तू ठेवतात कुठं? धानाच्या कोठीत. कुंदाच्या बापानं माझी डिस्क फडक्यात बांधून नीट धानात पुरली, आणि महिन्याभरानं त्याच्या भावानं तेच धान पोत्यात भरून गिरणीवर नेलं. कुंदाचा फोन आला तेव्हा सर जेवत होते. हात न धुता स्कूटर काढली. मशीन सुरू व्हायच्या आत पोतं सापडलं, पण सर गिरणीच्या ओट्यावर छाती धरून बसले होते. आम्ही त्यावर पुष्कळ हसलो. छाती मात्र खरंच दुखत होती, हे आमच्या ध्यानात आलं नाही.

मग नागपूरच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं. जायच्या आधीच्या शनिवारी सर वर्गात आले, चष्मा काढून टेबलावर ठेवला, खुर्चीत मागं टेकले आणि डोळे मिटून म्हणाले, "मी मेलो. आता दाखवा."

कोणीतरी हसलं. सर हलत नव्हते. आम्ही धावलो. सरांच्या कपाटाच्या किल्ल्या सापडल्या, पासवर्डचं पाकीट सापडलं, सगळे प्रबंध दुसऱ्या मशीनवर उघडले. कुठंच काही अडलं नाही. सुखदेव तर खुशीत टाळी द्यायला निघाला होता.

तेव्हा कुंदानं विचारलं. तिला आडपडदा माहीत नाही. "सर, अन् तुमची सोयरीक कोणासंग? तुमच्या घरी कोणाले विचारू?"

सरांनी डोळे उघडले. लग्न केलेलं नाही, आई गेली. हे आम्हाला ठाऊक होतं, पण कधी मनात आलं नव्हतं. त्यांनी टेबलावरचा चष्मा घेऊन पुसला. मग म्हणाले, "दवाखान्यातला पोट्टा हेच विचारत होता. कोणाले कळवायचं? मी म्हटलं, मंग सांगतो." चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "मले भेव लागून राहिलं, पोट्टेहो. कापाकापीचं नाही. तो पुन्हा विचारंल त्याचं."

"माहा नंबर द्या," कुंदा म्हणाली. "चिचगड." सुखदेवनं नागऱ्याचा दिला, मी गोरेगावचा. माझा मी दोनदा सांगितला, आकडा चुकायला नको. सरांनी बोटं मोडत हिशेब केला. तीन गावं झाली, म्हणाले, पण तपासून पाहिल्याशिवाय कोणतीच प्रत मोजायची नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. फोन वाजला.

"उचलतेस का नाही, ते पाहून राहिलो," सर म्हणाले. कुंदानं उचलला होता. सुखदेवनं दुसऱ्यांदा लावल्यावर उचलला, "त्याले जरा सांगजो," म्हणाले. मागून स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज आला, "फोन द्या इकडं," कोणीतरी त्यांना म्हणालं.

"ठेव आता," सर म्हणाले.

मी ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही.