चाळीस झेंड्यांचा रिंगरोड

"सर, मी आखलेला चौकोन हरवूच शकत नाही!" असं मेहजबीनने जूनमध्ये आपल्या गाईडना छातीठोकपणे सांगितलं होतं. कात्रजच्या डोंगरापलीकडच्या वाडीत सर्जेरावांचा पडीक माळ होता. तो तिने मागून घेतला, त्यावर पाच-पाच मीटरचे चाळीस चौकोन एका रेषेत आखले आणि प्रत्येकाच्या मधोमध नंबर घातलेली लाल झेंडी रोवली. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा! तिन्ही ऋतूंत त्याच चौकोनांत बेडूक, सरडे, साप किती निघतात ते मोजायचं, की झाली पीएचडी.

पावसाळ्यात बेडकांनी तिला मोजता मोजता दमवलं. हिवाळ्यातली मोजणीही पार पडली. आता मे महिन्यातली शेवटची मोजणी तेवढी राहिली होती. खडकीहून दोन बस बदलून ती माळावर पोचली आणि मटकन खालीच बसली.

झेंड्या होत्या, पण रेषा कुठे होती? एक झेंडी बांधावर, तीन गोठ्यामागे, आणि सतरा नंबर चक्क शेजारच्या जयसिंगच्या वांग्यांत!

तिने सरांना फोन लावला. "मोबाईलचा जीपीएस दहा मीटर इकडेतिकडे दाखवतो, सर. अंदाजाने आखू का?"

"अंदाजाने? मग अंदाजानेच डिग्री घ्या," सर शांतपणे म्हणाले. "जागा बदलली तर पुन्हा पावसाळ्यापासून सुरुवात करा."

म्हणजे आख्खं वर्ष पाण्यात! मेहजबीनच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने सर्जेरावांचं अंगण गाठलं. "काका, माझ्या झेंड्या कुणी हलवल्या?"

"आमी कशाला हलवतोय?" सर्जेराव आभाळाकडे बघत म्हणाले. "रिंगरोडच्या कामात आपण हात घालत न्हाय."

"कसला रिंगरोड?"

"आता लपवू नका म्याडम! लाल झेंडी, वर नंबर, हातात टेप. मोजणी वळखत न्हाय व्हय आमी?"

"अहो काका, मी बेडूक मोजते! रस्त्याची माणसं पोटावर झोपून दगडाखाली बघतात का? डबा घेऊन बसने येतात का?"

हा मुद्दा मात्र बिनतोड होता. एवढ्यात आवाज ऐकून आलेला जयसिंग कानाची पाळी चोळत म्हणाला, "म्हंजे... रोड न्हाय? मग सतरा नंबर मी उगाच वांग्यात नेला. म्हनलं, भरपाई घावंल."

"तरीच!" सर्जेराव उसळले. "पडीकाला भरपाई कमी, म्हनून मी रोज दुपारी झेंड्या माझ्या पिकाच्या बांधाकडं वढायचो, आन् सकाळी बघावं तर परत लांब!"

"त्या मी लांब नेल्या," त्यांच्या बायकोने, तुळजाबाईंनी चुलीपुढून सांगितलं. "माझ्या शेळ्यांच्या गोठ्यावरनं रस्ता नेताय व्हय?"

पस्तीस वर्षांच्या संसारात नवराबायको पहिल्यांदाच इतकं नियमित काम करत होती, आणि तेही एकमेकांच्या विरुद्ध! पण मेहजबीनला हसू येईना. रोज उपटून ठोकल्याने माळाची तर चाळणी झाली होती. त्यातलं तिचं भोक कुठलं?

तुळजाबाईंना तिचा चेहरा बघवेना. त्या उठल्या, सगळ्यांना घेऊन माळावर गेल्या आणि उकिडव्या बसल्या. "रडू नगं पोरी. तू वल्या मातीत काठी रवलीस, तुझं भोक गुळगुळीत. आमी तिघांनी वाळल्या मातीत ठोकल्या, त्या भोकांच्या कडा फुटल्यात. हुडका रे!"

मग भर उन्हात तिघंजण गुडघ्यांवर रांगू लागली. सर्जेराव आणि जयसिंग एकमेकांची भोकं खोडून काढण्यात एवढे रंगले, की मेहजबीनला दोनदा मध्ये पडावं लागलं. चार वाजेपर्यंत चाळीसही झेंड्या आपापल्या जागी उभ्या राहिल्या.

मेहजबीन पोटावर झोपली. एकेक दगड उचलला, एकेक भेग तपासली, वहीत लिहिलं. मागे तिघं श्वास रोखून उभी. सरडे अकरा निघाले, सापसुरळ्या दोन.

"आन् बेडूक?" सर्जेरावांनी विचारलं.

"शून्य!" मेहजबीन आनंदाने ओरडली. "चाळीसही चौकोनांत शून्य! काकू, तुम्ही माझं वर्ष वाचवलंत!"

तिने तुळजाबाईंना मिठीच मारली. तुळजाबाईंनी तिच्या पाठीवरची माती झटकली आणि मायेने म्हणाल्या, "अगं बया, वैशाखात बेडूक जमिनीच्या पोटात झोपत्यात. फोन केला असतास, तरी सांगितलं असतं!"

सरांना पाठवलेल्या अहवालात मेहजबीनने सगळं लिहिलं. एवढं वाक्य सोडून!