आप्पांचं उपरणं

आमच्या येरमाळ्याच्या बैलबाजारातले दलाल शिवलिंगआप्पा तोंडानं कधी आकडा उच्चारत नसत. उपरणं पुढं करायचं, त्याखाली समोरच्याची बोटं धरून दाबायची, की भाव ठरला. बैलांच्या सौद्याची ती रीतच होती म्हणा. पण आप्पा वांगीही तशीच घेत. त्यांच्या घरच्या काकू होत्या तेव्हा त्यांनी किती भाकरी वाढू विचारलं, तरी हे उपरणं पुढं करत.

"आकडा उघड्यावर आला की नजर लागती, गुरुजी," असं मला बजावत.

निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती. आप्पांचा एकुलता मुलगा रेवण हैदराबादेत बी. ए. झाला आणि त्याला देशादेशांच्या संबंधांचा अभ्यास करायचा होता. लंडनला, अमेरिकेत की दिल्लीत, एवढंच ठरायचं राहिलं होतं. मी गावचा हेडमास्तर, म्हणून माहितीपत्रकं वाचून दाखवायला मला बोलावणं आलं.

"शिकून व्हनार काय?" आप्पांनी विचारलं.

"वकिलातीत जाईल. दोन देशांची बोलणी करील, दोघांना राजी करील."

"मंजे दलालच की!" आप्पा मांडीवर थाप मारून हसले. "त्येला सायबाच्या मुलखात कशाला जायचं? हितं वसरीत बस म्हणावं, उपरणं देतो."

मग त्यांनी तिन्ही पदव्या बाजारात उभ्या केल्या. लंडन? "शिंगं झकास, पण वैरण परवडायची न्हाय." अमेरिका? "लई लांबचं जनावर. चाल बघितल्याबिगर कसं घ्यावं?" दिल्ली मात्र गुणाची. "घरच्या गाईचं खोंड. पोळ्याला दारात उभं ऱ्हातंय." दिल्लीत हा विषय नवाच आहे, लंडनच्या पदवीला वजन आहे, हे मी परोपरीनं सांगितलं. आप्पांचं पालुपद एकच: "पोळ्याला येतंय का?"

म्हातारा चिक्कू आहे, असं गाव म्हणालं. मलाही तेच वाटलं.

तेवढ्यात अमेरिकेची शिष्यवृत्ती मिळाली. दोन वर्षांची फी, जेवणखाण, बोटीचं भाडं, सगळं त्यांचं. "आप्पा नको म्हणले तर मी जायचो न्हाय," रेवण म्हणाला. मी मोठ्या तोऱ्यात आप्पांकडं गेलो.

"आता अमेरिकाच सगळ्यांत स्वस्त! बोला."

आप्पांनी उपरणं पुढं केलं. मी हात घातला आणि बोटं दाबायची वाट पाहू लागलो. त्यांनी एकही बोट दाबलं नाही. माझा हात नुसता धरून ठेवला. काकू गेल्यापासून त्या घरात बापलेक दोघंच होते, हे मला ठाऊक होतं. पण त्यांचा सगळा हिशेब पैशाचा नव्हता, त्या एकटेपणाचा होता, हे आत्ता कळलं.

"जाऊ द्या त्येला," अखेर ते म्हणाले. "सौदा झाला."

निघायच्या दिवशी एस. टी.ला निम्मं गाव लोटलं. आप्पा खुशीत होते. "दोन देशांचा दलाल हुतोय माझा रेवण!" असं दिसेल त्याला सांगत होते. रेवण खिडकीशी बसला. आप्पांनी खिडकीत उपरणं टाकून त्याची बोटं धरली. तेवढ्यात गाडी हलली, बोटं सुटली, उपरणं रेवणकडंच राहिलं.

आप्पा उघड्या हातांनी चार पावलं धावले आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले, "दोन वर्सं, रेवण्या! दोनच!"