भिखुभाईंच्या शेतात गुपचूप मुक्काम

त्या रात्री अख्ख्या सुरतेत शांत झोपलेला एकमेव माणूस मी असणार होतो! हसू नका. बेत पक्का होता.

लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवणाऱ्याच्या कानात सुट्टीच्या दिवशीही खटखट चालूच असते, वर चाळीचा गोंगाट. पैसेवाल्यांना शांतता हवी झाली की ते डोंगरात बंगला बुक करतात. आम्हाला हवी झाली तर आम्ही पंखा बंद करायचा! मग मी मोबाइलवर बघितलं, लोक उघड्यावर तंबू ठोकून राहतात. जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची, कोणाच्या डोळ्यांवर यायचं नाही आणि जाताना मागे कचरा ठेवायचा नाही. म्हटलं, एवढं तर गरिबालाही जमतं!

सुरतेबाहेर सचिन गावाच्या पुढे भिखुभाईंचं शेत आहे, नुकताच ऊस काढलेलं. आमची डिंडोलीच्या चाळीतली खोलीही त्यांचीच. गेलो परवानगी मागायला. भिखुभाई खाटेवर बसून तंबाखू मळत होते.

"तंबू? एकलो?"

"एकटाच, शेठ."

"आग नी, अवाज नी. गाममां कोईने खबर नी पडवी जोईए. पडी, तो रूम खाली!"

म्हणजे जाळ नाही, आवाज नाही आणि गावाला पत्ता लागला की आमचं बिऱ्हाड रस्त्यावर! का, ते मी विचारलं नाही. घरमालकाला 'का' विचारायची सोय कुठल्या भाडेकरूला आहे?

घरी बायकोला, उज्ज्वलाला म्हटलं, "आज शेतात मुक्काम. दोन भाकरी दे. आणि कोणाजवळ बोलू नको!"

"मी कशाला बोलते?" ती म्हणाली. इथेच मी सावध व्हायला हवं होतं.

दिवस कलताना शेतात पोचलो. कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमधून फेकायला काढलेल्या साडीच्या कापडाचा तंबू मी स्वतः शिवला होता. बांबू टेप लावून, मोजून रोवले. लूमवाल्याला तिरकं खपत नाही! दोरीला कोणी अडखळू नये म्हणून चारही बांबूंना लाल चिंध्या बांधल्या. लांब उभं राहून स्वतःचं कौतुक करत होतो, तेवढ्यात बांधावरून एक म्हातारा ओरडला, "एय, शुं मापे छे?"

काय मोजतोस म्हणे! मी पटकन टेप पाठीमागे लपवली. "काही नाही, काका! भिखुभाईंना माहीत आहे. कोणाला सांगू नका!"

म्हातारा धोतर सावरत जो पळाला, तसा माणूस फक्त साप मागे लागल्यावर पळतो.

भाकरीचं फडकं सोडलं, तोच टेम्पोचा हॉर्न! शेजारच्या काशिनाथचा टेम्पो, आणि त्यात अख्खी चाळ, उज्ज्वलासकट. पुढे काशिनाथची बायको प्रमिलाबाई, मांडीवर भरीत ठेचायची लाकडी बडगी. मागे गावाहून आलेली हिरवी वांगी आणि तुराट्यांचे भारे.

"काय रामदासभाऊ, एकटा एकटा भरीत खाई राह्यना का?" प्रमिलाबाई टेम्पोतूनच ओरडल्या.

"कसलं भरीत?"

"हिवाळ्यात माणूस शेतात काय करायला जातो मग? हवा खायला?"

खानदेशातल्या माणसाला यापुढे काय समजावणार! मी उज्ज्वलाकडे बघितलं.

"मी फक्त प्रमिलाबाईंना सांगितलं," ती म्हणाली.

फक्त! म्हणजे फक्त धरणाचं दार उघडलं!

मी हात जोडले, ओरडलो, तुराट्यांवर जाऊन बसलो. काशिनाथने मला बोचक्यासारखं उचलून बाजूला ठेवलं आणि काडी ओढली. वांगी जाळात गेली, कोणीतरी गाणी लावली आणि माझी खोली डोळ्यांदेखत धुरात गेली.

तेवढ्यात आलंच गाव! हातात काठ्या. मधोमध भिखुभाई, चेहरा भाजल्या वांग्यासारखा. एक जण ओरडत होता, "भिखुभाईए छानामाना जमीन मपावी!"

तेव्हा उलगडलं. शेतांतून नवा रस्ता जाणार अशी गावात अफवा होती, म्हणूनच गावाला पत्ता न लागण्याची ती अट. त्यात टेप, लाल चिंध्या आणि 'कोणाला सांगू नका'! भिखुभाई गुपचूप सरकारला जमीन मोजून देतायत असं गावाने धरलं होतं. मी त्यांचा सर्वेवाला साहेब!

"किधर है साहेब?" काठीवाला गरजला.

"साहेब?" प्रमिलाबाई बडगी सोडून उठल्या. "कोण, ये? अरे, इसको खुद का शर्ट का बटन बराबर लगाना नहीं आता, ये जमीन क्या मापेगा!"

सगळ्यांनी माझ्या शर्टाकडे बघितलं. एक बटण चुकलंच होतं.

आधी बांधावरचा तो म्हातारा हसला. मग काठ्या खाली आल्या. प्रमिलाबाईंनी पहिलं भरीत काठीवाल्याच्याच हातावर ठेवलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तिखट, तरी त्याने पुन्हा हात पुढे केला. भिखुभाईंनी इतका मोठा श्वास सोडला की जाळ हलला. खोली वाचली होती! ज्या गोंगाटाला शिव्या देत मी चाळीतून पळालो, त्यानेच माझी कातडी वाचवली. लिहायला जड जातंय, पण लिहितो.

निघताना भिखुभाईंनी बोट नाचवलं. "हवे आवो तो आग करजो, अवाज करजो, आखा गामने खबर पडवी जोईए! ने आने एकलो नी मोकलता!"

आता याल तर जाळ करा, आवाज करा, अख्ख्या गावाला कळू द्या, आणि याला एकट्याला पाठवू नका! हे त्यांनी मला नाही, प्रमिलाबाईंना सांगितलं. पुढची परवानगीही त्यांनाच मिळालीय.

तंबू? तंबूत प्रमिलाबाई झोपल्या. मी बाहेर, टेम्पोखाली. त्यांचं घोरणं थेट लूमसारखं, खटखट खटखट.

काय सांगू, लगेच झोप लागली!