फिक्या बटणाचं आमंत्रण

दवाखान्यातून घरी आल्या आल्या सैराकान आपांनी जाहीर केलं, की आजारपणात ज्यांनी ज्यांनी धावपळ केली त्या सगळ्यांना जेवायला बोलवायचं आणि एकेकाचे आभार मानायचे. "त्याशिवाय मला घास उतरायचा नाही," त्या म्हणाल्या. मेंढा सांगून झाला. रिवाजाप्रमाणे मुलाने घरोघर जाऊन बोलावणं करायचं, पण मुलगा कामासाठी ओश शहरात गेलेला. "मी करते ना, आपा," सून नुरझात म्हणाली, आणि इथेच घोळाला सुरुवात झाली.

नुरझात बिश्केकमधल्या एका कंपनीत होती. फोनच्या पडद्यावर कोणतं बटण कुठे ठेवलं की माणूस ते दाबतो, हे मानसशास्त्राच्या आधारे ठरवणं हे तिचं काम. तिने आमंत्रणाचं एक देखणं पान केलं. 'येतो' हे बटण मोठं, लालभडक. 'जमणार नाही' हे खाली कोपऱ्यात, मुंगीएवढं, फिकट राखाडी. माणूस समोर दिसेल ते दाबतो, शोधत बसत नाही, हा पहिला नियम. वर एक ओळ टाकली, 'थोड्याच जागा शिल्लक'. संपत आलेल्या गोष्टीवर माणसाची उडी पडते, हा दुसरा. पान सगळ्यांना पाठवून ती निवांत चहा प्यायला बसली.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांची उत्तरं आली. झाडून सगळे नकार.

ती तडक शेजारच्या तोक्तोसुनकडे गेली. हिवाळाभर आपांना आपल्या जुन्या गाडीतून दवाखान्यात नेणारा हाच.

"काका, तुम्हीसुद्धा नाही म्हणालात?"

"अगं, जागा थोड्या आहेत म्हटल्यावर घरच्या माणसाने मागे सरायचं असतं. दुसरं कुणी बसू दे तिथे."

"आणि ते बटण तुम्हाला सापडलं?"

"माझ्या चष्म्याने नाही सापडलं. त्यावर बायकोचा चष्मा चढवला तेव्हा दिसलं. फार छान लपवलं होतंस. मग गल्लीतल्या सगळ्यांना मीच दाखवत फिरलो."

घरी आपा बिछान्यावर बसून वाटच बघत होत्या. "येतायत ना गं सगळे? जेवण कमी पडायला नको."

"कमी नाही पडणार, आपा," नुरझात म्हणाली. ते अगदी खरं होतं.

आता उरली एक रात्र. नुरझातने जागांची ओळ काढली, नकाराचं बटण तर मुळासकट उपटलं. माणसाची नजर आधी चेहऱ्याकडे जाते, हा तिसरा नियम आठवून आपांचा फोटो पानभर लावला. पण आपांच्या डोक्यावरचा फुलाफुलांचा रुमाल एवढा भडक, की लाल बटणाकडे कोण बघणार? तिने फोटोतला रंग काढून टाकला. खाली फक्त लिहिलं, 'उद्या दुपारी, आपांच्या घरी'. शिकलेल्या माणसाने एवढं डोकं लावलं, पण असे काळेपांढरे फोटो आमच्याकडे एकाच कारणासाठी पाठवतात, हे मात्र तिच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकातून मोठ्याने रडणं ऐकू आलं. जुन्या पद्धतीप्रमाणे वाकून, गळा काढून तोक्तोसुन येत होता आणि त्याच्यामागे अख्खी गल्ली.

"एजे गं, माझ्या थोरल्या बहिणी! मी रशियात मजुरीला होतो, तेव्हा माझ्या पोरांना तू जेवू घातलंस गं! माझी आई अंथरुणाला खिळली, तिचं सगळं तू केलंस गं!"

दार उघडलं. हातात झारा घेऊन आपा उभ्या.

"तोक्तोसुन, कोण गेलं रे?"

वाकलेला तोक्तोसुन सरळ झाला. "तू, एजे," तो म्हणाला.

"मी तर बोरसोक तळतेय."

नुरझातला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आपांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. "रशियात होतास तेव्हा काय म्हणालास?"

"पोरांना जेवू घातलंस."

"ते होय. खेळायला यायची, जेवून जायची. मी विसरूनसुद्धा गेले होते."

"आम्ही नाही विसरलो."

"मग हिवाळाभर मला गाडीतून नेलंस, ती त्याची फेड का?"

"फेड कसली, एजे. निम्मीही झाली नाही."

आपा उंबऱ्यावरच बसल्या आणि रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. मग एकेकाला हाताला धरून आत नेलं, बसवलं. पानं वाढली गेली. नुरझात खाली मान घालून म्हणाली, "आपा, माझं चुकलं."

"गप गं. माणसं हे सगळं आपण मेल्यावर बोलतात, आणि ऐकायला नेमके आपणच नसतो. तुझ्यामुळे मी ऐकलं. देव तुझं भलं करो, पोरी."

नुरझातचे डोळे भरून आले. कंपनीत इतकी वर्षं बटणं हलवली, पण असं कुणी म्हणालं नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी पुन्हा कुणीतरी गळा काढला. वरच्या गल्लीतला मामासाली उशिरा पोचला होता. पाटाच्या पाण्यावरून दर उन्हाळ्यात आपांशी कडाकडा भांडणारा तोच. त्याला खरं काय ते सांगावं म्हणून तोक्तोसुन घाईने उठला. आपांनी त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं.

"बस तू. आधी त्याचं काय म्हणणं आहे ते पुरतं ऐकू दे."